डावखुऱ्यांचं आरमार

मी तांब्याची पाटी बोलतेय. उशीर झालाय, मला ठाऊक आहे. तेव्हा मेनेगा बोलत होती आणि तिच्यावर एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. ना खलाशांच्या मंडळाच्या मुख्याचा, ना पाद्र्याचा, ना शेजारणींचा. सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आणि खोटं मी बोलत होते.

मी काही शिकलेली नाही. माझ्या अंगावर जेवढी अक्षरं कोरली तेवढीच माझी विद्या, आणि तीही उलटी. गोडगोड बोलणं मला जमायचं नाही. जसं झालं तसं सांगते.

आगोर्दोच्या डोंगरातल्या खाणीत माझा जन्म. तिथून भट्टीत, भट्टीतून घणाखाली. घणानं मला चपटं केलं, दगडानं घासलं, कोळशानं चकाकवलं. हातभर रुंद, दीड हात लांब, तोंड पाहावं अशी मी झाले. मग मला होडीत घालून व्हेनिसला आणलं आणि मेर्चेरिया बाजाराजवळच्या एका गल्लीत, बोर्तोलो गावान्यिन नावाच्या कोरणाऱ्याच्या दुकानात उभं केलं.

बोर्तोलोचा हात सोन्याचा होता, हे आधी कबूल करते. वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर तो मला ठेवायचा, एका हातानं मला फिरवायचा आणि दुसऱ्या हातातली कोरणी माझ्यात सरकवायचा. तांब्याची बारीक कुरळी साल निघायची. दुखायचं, पण दुखणं कारणी लागतंय असं वाटायचं. लाटा कोरताना तो गुणगुणायचा. बुडणारी माणसं कोरताना गप्प व्हायचा. त्याला नावाचीही हौस भारी. चित्र अर्धं व्हायच्या आधीच त्यानं उजव्या खालच्या कोपऱ्यात, लफ्फेदार शेपटी काढून, ‘बोर्तोलो गावान्यिन याने कोरले’ असं लिहून टाकलं होतं.

चित्र होतं काळ्या भूशिराच्या लढाईचं. आदल्या वर्षी तुर्कांशी झालेली. आपली सात जहाजं एका ओळीत, समोर तुर्कांची अकरा. आरमाराबरोबर गेलेल्या एका चित्रकारानं टेकडीवर बसून ते कागदावर काढलं होतं आणि एका यादीसकट बोर्तोलोकडे पाठवलं होतं. यादीत डावीकडून उजवीकडे, एक ते सात, जहाजांची आणि कप्तानांची नावं. डावीकडचं पहिलं जहाज ‘सांता कोलोंबा’, कप्तान नादाल पास्क्वालिन. उजवीकडचं सातवं ‘सान झुआने’, कप्तान पिएरो गेत्सो. दोघेही पेलेस्त्रिनाचे, म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवरचे. दोघेही परत आले नाहीत. धुरात कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. जे वाचले ते एवढंच सांगत, की धूर विरला तेव्हा ओळीची दोन्ही टोकं नव्हती.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण सगळं तिच्यावरच फिरतं. माझ्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. म्हणून चांगला कोरणारा आधी चित्र उलटं करून घेतो. कागदाला तेल लावून तो आरपार दिसेल असा करतो आणि मागच्या बाजूनं गिरवतो. या कामाला दोन दिवस जातात. बोर्तोलोकडे दोन दिवस नव्हते. मे महिन्यातली सेन्साच्या सणाची जत्रा तोंडावर आली होती, आणि जत्रेत लढाईचं चित्र सगळ्यात आधी जो मांडेल त्याच्यापाशी गर्दी.

त्यानं कागदाच्या पाठीला लाल खडू फासला, सुलटाच माझ्या अंगावर ठेवला आणि गिरवला. मला कळलं होतं. पण पाटीला तोंड कुठे असतं? म्हणजे असतं, पण ते दुसऱ्यांसाठी.

चित्र कोरून झालं. आकडे आणि नावं नेहमी शेवटी कोरतात. बोर्तोलोनं एक कच्चा कागद छापून पाहिला, यादी शेजारी ठेवली आणि कागदावरच्या डावीकडच्या जहाजाला एक, उजवीकडच्याला सात, असे आकडे देऊन टाकले. आरमार उलटं झालंय हे त्याच्या लक्षातही आलं नाही. जत्रेत माझे तीनशे कागद गेले. वर दोन गुबगुबीत देवदूत फीत धरून, खाली लाटांत हात वर केलेले बुडते लोक, मधे ढगांसारखा धूर. लोक वाहवा करत होते.

आणि अगदी डाव्या कोपऱ्यात एक जहाज होतं. बाकी सहांची तोंडं शत्रूकडे, याची पाठ. शिडं फुगलेली, चित्राबाहेर निघालेलं. त्याच्यावर आकडा एक.

माझा कागद म्हणजे मीच. तो जिथे टांगला जातो तिथलं मला दिसतं. त्यातला एक पेलेस्त्रिनाला, खलाशांच्या मंडळाच्या खोलीत, लागला. पहिल्या दिवशी अख्खं गाव त्याच्यासमोर गोळा झालं. मंडळाचा मुख्य, म्हातारा तोदारो, आकड्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचत होता. ‘एक’ म्हणाला आणि थांबला.

“पुढे वाचा की, तोदारोकाका,” मागून मेनेगा म्हणाली. ही नादालची विधवा. पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची, लेस विणून पोट भरणारी. बोलायला लागली की बंदरावरचे हमाल बाजूला व्हायचे.

“एक. सांता कोलोंबा,” तोदारो पुटपुटला.

“हे? हे पाठ दाखवतंय ते?”

मग पेरिना बोलली. ही दुसऱ्या कप्तानाची, गेत्सोची, विधवा. उजव्या टोकाचं सात नंबरचं जहाज दोन तुर्की जहाजांच्या मधे सापडूनही झुंजताना दाखवलं होतं, त्यामुळे तिची मान आज ताठ होती.

“पळता पळता बुडाला म्हणायचा. देवानं पळूही दिलं नाही बिचाऱ्याला.”

“तुझी जीभ सडो, पेरिना! नादाल आयुष्यात कुत्र्याला पाठ दाखवून पळाला नाही.”

“मला काय सांगतेस? ते बघ. छापलंय.”

छापलंय! या एका शब्दानं मेनेगाचं सगळं बोलणं खाल्लं. पाद्री म्हणाला, बाई, शांत हो, छापलंय. शेजारणी म्हणाल्या, आम्हालाही वाईट वाटतं गं, पण छापलंय.

पेलेस्त्रिनाला एक रीत आहे. मृतांच्या दिवशी, नोव्हेंबरात, मंडळाचा मुख्य समुद्रात गेलेल्यांची नावं देवळात मोठ्यानं वाचतो. ज्यांना माती मिळाली नाही त्यांची ही एवढीच कबर. नाव वाचलं गेलं नाही, तर तो माणूस गेलाच नाही, कुठे तरी भटकत राहिला, असं त्या बायका मानतात. तोदारोनं ठरवलं, नादालचं नाव वाचायचं नाही.

मेनेगा तेव्हाच एकदा दुकानात येऊन गेली. तो जूनचा महिना होता. लेस विकायला आलेली, तशीच टोपलीसकट आत शिरली.

“हे तू कोरलंस?”

“मीच. आवडलं?” बोर्तोलो हसला. त्याला वाटलं, गिऱ्हाईक आहे.

“माझ्या नवऱ्याला पळपुटा केलास. खोडून टाक.”

“बाई, मी तिथे नव्हतो, तूही नव्हतीस. ज्यानं पाहिलं त्यानं काढलंय. मी कोरलंय.”

“तो कुठाय?”

“आरमाराबरोबर. जिवंत असला तर. आता दारातून बाजूला हो, उजेड अडतोय.”

ती गेली. नोव्हेंबर आला. देवळात नावं वाचली गेली. गेत्सोचं नाव आलं, पेरिनानं डोळ्यांना रुमाल लावला. नादालचं आलं नाही. घरी येऊन मेनेगानं माझा एक कागद लेस विणायच्या जागेसमोर भिंतीला ठोकला. शेजारीण म्हणाली, कशाला जीव जाळून घेतेस? ती म्हणाली, “वैरी डोळ्यांसमोर असलेला बरा.”

तिथे मी तिला रोज पाहायचे. मांडीवर गोल उशी, उशीवर टाचण्या, दोरा गुंडाळलेल्या लाकडी काड्या टकटक इकडून तिकडे. बोटं आपोआप चालायची आणि डोळे माझ्यावर. एवढं मला कुणी पाहिलं नव्हतं. विकत घेणारा दोन घटका बघतो आणि भिंतीला टांगून विसरतो. ही बाई माझी रेघ न् रेघ वाचत होती. मला लाज वाटायची.

मार्चमध्ये एका सकाळी तिच्या काड्या थांबल्या. ती उठली, कागदापाशी आली, नाक टेकेल इतकी जवळ. एका डेकवरच्या माणसावर बोट ठेवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मग कागद खिळ्यासकट उपटला, शाल गुंडाळली आणि होडी गाठली.

दुकानात आली ती ओरडतच.

“बोर्तोलो! आपल्या आरमारात भरती करताना एकही उजवखुरा माणूस सापडला नाही का रे?”

“आता काय झालं?”

“तलवारी बघ. सगळ्यांच्या डाव्या हातात. हा कप्तान, हा निशाणवाला, हा बुडतोय तोसुद्धा डाव्या हातानं तलवार घट्ट धरून. तुर्कही डावखुरे! अठरा जहाजं आणि सगळी डावखुरी?”

बोर्तोलोनं कागद हातात घेतला. आधी हसायला गेला. मग त्याचा चेहरा माझ्यासारखा झाला, तांबडा.

“आम्ही लेस उलटी विणतो,” मेनेगा म्हणाली. “चांगली बाजू उशीकडे, आम्हाला दिसते ती पाठ. नवशिकी पोर विसरते, मग लेसमधला पक्षी भलत्या बाजूला तोंड करून बसतो. तू नवशिका आहेस का?”

तो माळ्यावर चढला, गुंडाळ्या धुंडाळल्या आणि मूळ चित्र घेऊन खाली आला. टेबलावर पसरलं. माझा कागद शेजारी ठेवला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

“उलटं गेलंय,” तो हळूच म्हणाला. “घाईत होतो.”

“सरळ बोल.”

“ओळ उलटी झाली. जे जहाज मी डावीकडे दाखवलं ते खरं उजवीकडचं. म्हणजे सात नंबर. म्हणजे ‘सान झुआने’. तुझा नवरा...” त्यानं मूळ चित्राच्या डाव्या टोकाला बोट टेकवलं. “तुझा नवरा हा.”

पेन्सिलीनं काढलेलं अंगठ्याएवढं जहाज. दोन्ही बाजूंना तुर्की जहाजं, तोफांच्या तोंडाशी धुराचे ठिपके, डेकवर मुंगीएवढी माणसं. जहाजाचं पुढचं टोक, म्हणजे नाळ शत्रूकडे.

मेनेगा बसली. खुर्ची नव्हती, कागदांच्या गठ्ठ्यावरच बसली. बराच वेळ त्या अंगठ्याएवढ्या जहाजाकडे बघत राहिली. रडली नाही. नाक मात्र दोनदा ओढलं.

बोर्तोलोला एकदम सोपं वाटायला लागलं. “हे बघ, आकडे फिरवतो. चौथा तेवढा जागेवर राहील, बाकीचे सहा खरवडून पुन्हा कोरतो. चार दिवसांचं काम. पळालेलं जहाज गेत्सोचं होईल, तुझा माणूस स्वच्छ. झालं?”

“गेत्सोची बायको रोज मला टोचते,” मेनेगा म्हणाली. “लेस विणायला आम्ही भिंतीच्या सावलीत ओळीनं बसतो. मी आले की म्हणते, पळपुट्याच्या बायकोनं उन्हात बसावं. गेले दहा महिने मी उन्हात बसतेय.”

“मग काय! आता तिला बसव.”

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. माझ्यावरचा खोटेपणा सहा आकड्यांत सुटत होता. मेनेगाला हवं ते मिळत होतं. तिनं होय म्हणायचं, बस्स.

पण तिनं मूळ चित्र जवळ ओढलं. उजव्या टोकाच्या जहाजावर झुकली.

“हे जहाज तर आत तोंड करून आहे.”

“कुठलं?”

“गेत्सोचं. याची पाठ कुठाय? हेही शत्रूकडेच चाललंय. तुझ्या तांब्यावर ते फिरलं कसं?”

बोर्तोलो कोरणी पुसायला लागला. ती आधीच स्वच्छ होती.

“बोल की.”

“कोपरा रिकामा दिसत होता.”

“काय?”

“बाई, चित्राला तोल लागतो. सगळी जहाजं आत तोंड करून असली की डोळा मधेच अडकतो. एखादं बाहेर जाणारं लागतं. शिवाय जहाजाच्या पाठीवर कोरीव काम असतं, कंदील असतात, पुतळे असतात, ते दाखवता येतं. लोकांना आवडतं. सगळेच कोरणारे तसं करतात. म्हणून मी ते एक जरा... फिरवलं.”

“म्हणजे कुणीच पळालं नव्हतं?”

“नाही.”

“तुझ्या कोपऱ्यासाठी माझा नवरा वर्षभर पळतोय?”

बोर्तोलोची मान खाली गेली. मेनेगा उठली. मला वाटलं, आता टोपली घालते डोक्यात. पण ती दारापाशी गेली, कालव्याकडे बघत उभी राहिली आणि पाठमोरीच बोलली.

“पेरिना वाईट बाई आहे. पण मी तिला उन्हात बसवणार नाही. तिथे काय होतं ते मला माहीत आहे. जहाज फिरव.”

“तांब्यावर? पुसता येतं का ते? एक करतो, त्याच्यावर धूर काढतो. दाट, सुंदर धूर. आम्ही चुका अशाच झाकतो.”

“धुरानंच दोघांना गिळलं. आणखी धूर नको. फिरव म्हणते ना!”

मग माझे जे हाल झाले ते मी कधी विसरणार नाही. त्यानं खरवडणीनं माझी चामडी काढली. शिडं गेली, कंदील गेले, पाठीवरचे पुतळे गेले. तिथे खड्डा पडला. खड्ड्यात शाई साचते, म्हणून मला पालथी घालून पाठीवर हातोडीनं ठोकलं, खड्डा वर येईपर्यंत. मग घासलं, चकाकवलं, आणि त्या जागेवर नवं जहाज कोरलं, नाळ शत्रूकडे. मग सहा आकडे. एकवीस दिवस लागले. लाटा कोरतानाही तो गुणगुणला नाही. मेनेगा दर मंगळवारी लेस विकायला यायची आणि त्याच्या खांद्यामागे उभी राहायची.

“उजेड अडतोय,” तो एकदा म्हणाला.

“अडू दे. मी बाजूला झाले की तू कोपरे भरायला लागतोस.”

तलवारी मात्र डाव्या हातातच राहिल्या. त्या बदलायच्या तर सगळी मीच नवी करावी लागली असती. म्हणून खाली एक ओळ टाकायची ठरली, म्हणजे जुने तीनशे कागद ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही कळेल. बोर्तोलोनं खडूनं लिहून दाखवलं: ‘आधीच्या छपाईत चूक राहिली होती.’ मेनेगाला वाचता यायचं, हळूहळू, अक्षर लावून.

“राहिली? आपली आपण? चूक म्हणजे काय मांजर आहे, येऊन राहायला?”

त्यानं पुसलं आणि लिहिलं: ‘चूक छापखान्याची.’

“छापखान्याला हात आहेत का?”

“बाई, माझ्या नावावर माझा धंदा चालतो.”

“आणि नादालच्या नावावर मी चालते. चित्राखाली शेपट्या काढून नाव घालताना लाजला नाहीस. आता का?”

बोर्तोलोनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग कोरणीला धार लावायला घेतली. मला वाटतं, त्या क्षणी तो पहिल्यांदा खरा उस्ताद झाला. त्याच्या हाताचं कौतुक मी आधीच केलंय. हे हाताबद्दल नाही.

नवा कागद तो स्वतः होडीतून पेलेस्त्रिनाला घेऊन गेला. जुना उतरवून मंडळाच्या खोलीत त्यानंच टांगला. गाव पुन्हा जमलं. तोदारोनं एक ते सात वाचलं, मग खालची ओळ वाचली, दोनदा. दुकानात काय काय झालं ते बोर्तोलोनं सगळं सांगितलं. पेरिना सात नंबरसमोर उभी राहिली. तिच्या नवऱ्याची मोठी झुंज आता एक नंबरवर गेली होती, पण त्याची नाळ शत्रूकडे होती. तिनं मेनेगाकडे बोट करून बोर्तोलोला विचारलं, “ही हो म्हणाली असती तर माझा माणूस पळपुटा झाला असता?”

“आकडे फिरवून थांबलो असतो तर, हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सावलीतल्या ओळीत पेरिनानं आपली उशी उचलली आणि सरकली. “बस की,” ती मेनेगाकडे न बघता म्हणाली. “उभी काय राहिलीस, खांबासारखी?”

“तुझ्या शेजारी बसायचं म्हणजे कान बंद करून आलं पाहिजे,” मेनेगा म्हणाली, आणि बसली.

त्या नोव्हेंबरात देवळात नादालचं नाव वाचलं गेलं. तोदारोचा आवाज चिरका होता, पण नाव पुरं आलं, बापाच्या नावासकट.

पुढे बोर्तोलो गेला, दुकान गेलं. आमच्यातल्या बऱ्याच जणींची वितळवून भांडी झाली. मला मंडळानं मागून घेतलं, म्हणून मी राहिले. आता मी पेलेस्त्रिनाच्या देवळामागच्या खोलीत काचेखाली आहे. माझ्या रेघा झिजल्या, देवदूत तर दिसतच नाहीत. शाळेची मुलं येतात, बाई त्यांना लढाईची तारीख सांगतात, मुलं बुडती माणसं मोजतात. मला बरं वाटतं. नावं अजून दर वर्षी वाचतात, भिंतीतून ऐकू येतात. नादाल येतो, गेत्सो येतो. नवीही येतात, कारण समुद्र काही थांबलेला नाही.

माझं एवढंच मागणं आहे. मला बघायला याल तेव्हा जहाजं पाहून परत फिरू नका. जरा वाका. अगदी खालच्या काठाला, बिनशेपटीची, साधी, बारीक अक्षरं आहेत. माझ्यावर उलटी आहेत, पण शेजारी कागद टांगलाय, त्यावर सुलटी वाचता येतात. माझ्या अंगावर सगळ्यात खोल कोरलेली ओळ तीच, म्हणून ती अजून झिजली नाही: ‘या लढाईत कोणीही पळाले नाही. आधीच्या कागदांत जहाजे उलटी लावणारा आणि एका जहाजाला पाठ फिरवायला लावणारा मी, बोर्तोलो गावान्यिन.’